'ते ह नाकं' : मंत्रपुष्पांजलीतल्या नाकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'घालीन लोटांगण' संपतं, फुलं-अक्षता हातोहात पोचतात आणि आवाज एकदम खालच्या पट्टीत जातो. 'यज्ञेन यज्ञमयजन्त' सगळ्यांना पाठ असतं. पुढची ओळही पाठ असते, पण तिथे कुणीतरी कोपराने ढोसतं आणि मुलं हसायला लागतात, कारण देवापुढे चक्क 'नाक' म्हटलं जातं. गणपतीचे दिवस आले की या ओळीबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे नाक म्हणजे आपलं नाक का?

नाही. इथला नाक म्हणजे आकाशाचा सर्वांत वरचा भाग, आणि पुढच्या काळातल्या अर्थाने स्वर्ग. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून 'तो नाक'. चेहऱ्यावरचं ते नाक, नपुंसकलिंगी. हिंदीत तेच स्त्रीलिंगी होतं.

दोन शब्दांचं कूळही वेगळं आहे. चेहऱ्यावरच्या नाकाला संस्कृतात नासा किंवा नासिका म्हणतात. आपलं 'नाक' आलं ते प्राकृतातल्या 'णक्क'वरून. स्वर्गवाची नाक मात्र ऋग्वेदापासून त्याच रूपात आहे. दोन वेगळ्या वाटांनी येऊन दोघे एकाच ध्वनीवर थांबले, एवढंच. टोलनाक्याचा तर या स्वर्गाशी काडीचाही संबंध नाही, आणि तिथे ताटकळलेल्या कुणाला तसा संशय येणारही नाही.

पूर्ण ऋचा कोणती आणि तिचा अर्थ काय?

यज्ञेन यज्ञमयजन्त देवास्तानि धर्माणि प्रथमान्यासन् ।
ते ह नाकं महिमानः सचन्त यत्र पूर्वे साध्याः सन्ति देवाः ॥

ही पुरुषसूक्ताची शेवटची, सोळावी ऋचा (ऋग्वेद १०.९०.१६). पहिल्या पंधरा ऋचा अनुष्टुभात आहेत आणि ही एकटी त्रिष्टुभात, म्हणजे अकरा अकरा अक्षरांच्या चार चरणांची. सूक्त म्हणताना इथे चाल बदलते ती त्यामुळे. हीच ऋचा ऋग्वेदात आणखी एकदा येते, दीर्घतमस् ऋषीच्या 'अस्य वामस्य' या लांबलचक सूक्तात (१.१६४.५०).

अर्थ साधा करून सांगायचा तर असा : देवांनी यज्ञाने यज्ञाचं यजन केलं, तेच पहिले धर्म होते. ते महिमावंत नाकाला जाऊन पोचले, जिथे आधीचे साध्य देव आहेत.

'महिमानः' हे 'महिमन्' या शब्दाचं अनेकवचन आहे. 'गणपतीचा महिमा' म्हणताना आपण वापरतो तोच हा शब्द. चौदाव्या शतकातले भाष्यकार सायणाचार्य त्याचा अर्थ 'महात्मे' असा लावतात आणि नाकाला सरळ स्वर्ग म्हणतात. शब्दशः घ्यायचं तर 'ते महिमे नाकाला गेले' असं होतं, आणि मला हे जास्त आवडतं. व्यक्ती जाण्याऐवजी त्यांचं मोठेपण वर जातं, अशी ती कल्पना वाटते.

आमच्या पुस्तकात 'तेहनाकं' असं जोडून छापलंय. चूक आहे का?

हो. हे तीन शब्द आहेत : ते, ह, नाकं. 'ह' हा छोटासा निपात आहे, 'खरोखर', 'बरं का' अशा छटेचा. तो 'ते'ला जोडला की 'तेह' असा संस्कृतात नसलेला शब्द तयार होतो, आणि 'नाका'ला जोडला की 'हनाकं'. आरतीसंग्रह एकावरून दुसरा छापला जातो, त्यामुळे ही चूक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदते आहे.

म्हणताना 'ते'नंतर किंचित थांबा, 'ह' हलका घ्या आणि जोर 'ना'वर द्या. वैदिक पाठातही उदात्त, म्हणजे उंच, स्वर 'ना'वरच आहे. 'नाकं'चा अनुस्वार पुढच्या 'म'मुळे म्‌कारासारखा ऐकू येतो, 'नाकम् महिमानः'. लांबवायचंच असेल तर 'ना' लांबवा, तो मुळात दीर्घ आहे. प्रत्यक्षात सगळे 'सचंsssत' लांबवतात आणि तिथे आळीतला सगळ्यात मोठा आवाज जिंकतो. त्याला इलाज नाही.

मराठी जिभेची एक गोची मात्र 'सचन्त'मध्ये आहे. आपल्याकडे 'च' दोन तऱ्हेचा, चंद्रातला आणि चमच्यातला. इथे चंद्रातला हवा. भल्याभल्यांच्या तोंडून चमच्यातला निसटतो.

'सचन्त' म्हणजे सचेत, सावध असं काही आहे का?

नाही. धातू 'सच्', म्हणजे सोबत असणं, जाऊन मिळणं. 'सचन्त' म्हणजे 'जाऊन मिळाले'. भूतकाळ असून आधी 'अ' नाही, कारण वैदिक भाषेत तो गाळायची मुभा होती. पहिल्याच चरणातल्या 'अयजन्त'मध्ये तो आहे. दोन्ही तऱ्हा एकाच ऋचेत शेजारी शेजारी सापडतात. 'सचिव' हा शब्दही याच धातूचा. सचिव म्हणजे मुळात सोबती. मंत्रालयात फाइल घेऊन फिरणाऱ्यांना हे सांगून काही उपयोग नाही.

नाक म्हणजे स्वर्गच ना? मग सरळ स्वर्ग का नाही म्हटलं?

कारण वेदात ते दोन्ही एक नाहीत. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

स्वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते पुराणातलं चित्र : इंद्राचा दरबार, अप्सरा, अमृत, कल्पवृक्ष, पुण्य संपलं की खाली ढकलणं. वेदातल्या नाकात यातलं फारसं काही नाही. तो बांधकामाचा भाग आहे. विश्वाच्या घराला वरून जे आच्छादन आहे, ते नाक. हिरण्यगर्भसूक्त बघा (१०.१२१.५) :

येन द्यौरुग्रा पृथिवी च दृळ्हा येन स्वः स्तभितं येन नाकः ।

ज्याने द्युलोक प्रबळ आणि पृथ्वी घट्ट केली, ज्याने स्वर् आणि नाक टेकू देऊन सावरले. द्यौ, स्वर्, नाक असे तीन वेगळे शब्द एकाच ओळीत आहेत. तिन्हींचा अर्थ फक्त 'स्वर्ग' असता तर ऋषीने तीच गोष्ट तीनदा का सांगितली असती? आणि 'स्तभितं' हे क्रियापद खांब, टेकू, आधार यांच्या घरातलं आहे. नाक कोसळू नये म्हणून कुणीतरी तो धरून ठेवला आहे.

हा नाक डोळ्यांना दिसतोही. पराशर ऋषीच्या अग्निसूक्तात (१.६८) म्हटलंय, 'पिपेश नाकं स्तृभिर्दमूनाः', घरातल्या अग्नीने ताऱ्यांनी नाक सजवला. म्हणजे रात्री अंगणात बाज टाकून वर बघितलं की दिसतो तो ताऱ्यांनी मढवलेला घुमट. मेल्यावरच दिसेल असलं काही ते नाही.

त्याला पाठही आहे. 'नाकस्य पृष्ठे', नाकाच्या पाठीवर, हा शब्दप्रयोग वेदात पुन्हा पुन्हा येतो. पाठ म्हणजे वरची बाजू, जिच्यावर उभं राहता येतं. अथर्ववेदात (४.१४.३) यज्ञ करणारा चढण सांगतो : पृथ्वीच्या पाठीवरून मी अंतरिक्षात चढलो, अंतरिक्षातून द्युलोकात चढलो, द्युलोकातल्या नाकाच्या पाठीवरून मी स्वर्-ज्योतीला गेलो.

पायऱ्या मोजा. पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक, त्याचा माथा म्हणजे नाक, आणि तिथून पुढे निखळ प्रकाश. नाक इथे गच्चीसारखा आहे, घर संपतं आणि उघडं आभाळ सुरू होतं ती जागा. 'ते ह नाकं सचन्त' म्हणजे ते या माथ्यापर्यंत पोचले. 'स्वर्गात गेले' असं भाषांतर केलं की चूक होत नाही, पण ही सगळी चढण गायब होते.

शाळेत शिकवलं होतं की न + अक, म्हणजे जिथे दुःख नाही तो नाक. ते खरं आहे का?

परंपरेने खरं, आणि ही परंपरा खूप जुनी आहे. 'क' म्हणजे सुख, 'अक' म्हणजे सुख नाही ते, आणि 'न अक' म्हणजे जिथे असुख नाही. तैत्तिरीय संहितेत (५.३.७) 'नास्मा अकं भवति', त्याला दुःख होत नाही, असं स्पष्टीकरण आहे. वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात (२.१४) तेच मांडलं आणि एक वाक्य जोडलं : पुण्य करणारेच तिथे जातात.

पाणिनीनेही ही फोड मान्य केली, पण त्याला एक अडचण सोडवावी लागली. संस्कृतात नकारार्थी 'न' स्वरापुढे आला की 'अन्' होतो : न + अंत = अनंत, न + आदि = अनादि. त्या हिशेबाने न + अक = 'अनक' व्हायला हवं होतं. म्हणून पाणिनीने अपवादांचं एक सूत्रच केलं (६.३.७५), ज्यात 'न' जसाच्या तसा राहतो. त्या सूत्रातली मंडळी बघण्यासारखी आहेत : नासत्य, नमुचि, नकुल, नख, नपुंसक, नक्षत्र, नक्र, आणि शेवटी नाक. मुंगूस, नख, मगर आणि स्वर्ग एका पंक्तीला फक्त व्याकरणातच बसू शकतात.

आधुनिक भाषाभ्यासक या फोडीकडे पारंपरिक निरुक्ती म्हणून बघतात, ऐतिहासिक व्युत्पत्ती म्हणून नाही. मलाही तेच पटतं. दुःखवाचक 'अक' हा शब्द मुख्यतः नाकाची फोड करतानाच भेटतो, एरवी फारसा नाही. शिवाय वर दिलेल्या ऋचांत दुःख आहे-नाही याची चर्चाच नाही. तिथे आहेत टेकू, पाठ आणि तारे. आधी जागा होती, मग त्या जागेचं वर्णन शब्दाच्या पोटातून काढलं गेलं. तरी निरूपणात 'न अक' सांगणाऱ्यांना कुणी टोकू नये. तीही आता अडीच हजारांहून जास्त वर्षांची गोष्ट आहे.

यास्क नाक म्हणजे सूर्य असंही म्हणतो. ते कसं?

निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, सहा शब्द असे दिले आहेत की जे द्युलोक आणि सूर्य या दोघांनाही चालतात : स्वर्, पृश्नि, नाक, गो, विष्टप्, नभस्. त्यामुळे यास्क दोन्ही अर्थ देतो. सूर्याच्या बाजूने तो नाकाला 'नी' (नेणे) या धातूशी जोडतो, तेजाला नेणारा तो नाक. हे फार ताणलेलं वाटतं. पण वरच्या जागेचं आणि तिथे राहणाऱ्याचं नाव एकच असणं आपल्याला नवं नाही. 'दिल्लीने नकार दिला' असं आपण रोज वाचतो.

ओळीतले 'साध्य' कोण? साध्य-साधन यातले का?

साध्य हा देवांचा एक जुना गण आहे. अमरकोशात, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशात, आदित्य, विश्वदेव, वसू, रुद्र यांच्या पंक्तीत साध्यांचं नाव येतं. यास्क त्यांना द्युलोकातला देवगण म्हणतो, आणि ते आधीच्या देवयुगातले अशी आख्यायिकाही नोंदवतो. ऋचेतल्या 'पूर्वे' या शब्दाशी ती छान जुळते. थोडक्यात, आत्ताचे देव वर पोचले तेव्हा तिथे आधीचे भाडेकरू होतेच.

मेल्यावर माणूस या नाकात जातो का?

वेदात दान करणाऱ्याला तशी हमी आहे. ऋग्वेदातलं एक दानसूक्त (१.१२५.५) म्हणतं, जो देतो तो नाकाच्या पाठीवर उभा राहतो, तो देवांत जातो. सोमाच्या एका सूक्तात (९.११३.९) 'जिथे मनासारखं हिंडता येतं त्या त्रिनाकात, द्युलोकाच्या त्रिदिवात मला अमर कर' अशी मागणी आहे. अप्सरांचा उल्लेख नाही, मागितलंय ते मनासारखं फिरणं. दिवसभर बसून काम करणाऱ्याला हे मागणं जवळचं वाटेल.

उपनिषदांत मात्र सूर बदलतो. छांदोग्यात (२.१०.५) सामाची अक्षरं मोजत चढताना एकविसाव्या अक्षराने सूर्य मिळतो आणि बाविसाव्याने सूर्यापलीकडचं, 'तन्नाकं तद्विशोकम्'. इथे नाक आणि शोक नसणं शेजारी येऊन बसतात. मुंडकात (१.२.१०) टीका सुरू होते : यज्ञ आणि पुण्य यालाच सर्वस्व मानणारे नाकाच्या पाठीवर पुण्य भोगतात आणि मग याच लोकात, किंवा याहून हलक्या लोकात परत येतात. आणि संन्याशांच्या स्वागताला म्हणतात त्या 'न कर्मणा न प्रजया धनेन' या मंत्रात पुढे 'परेण नाकं' येतं, नाकाच्याही पलीकडे, गुहेत लपलेलं. म्हणजे ज्या माथ्यावर पोचण्यासाठी यज्ञ केले, तो उपनिषदांना वाटेतला मुक्काम वाटायला लागला.

त्यामुळे मंत्रपुष्पांजलीतला नाक कोणता, तर आधीचा. तिथे तो अजून उंचीचा शेवट आहे.

नंतरच्या संस्कृतात हा शब्द कसा वापरला गेला?

कवींनी त्याचा स्वर्ग करून टाकला. रघुवंशाच्या आरंभी कालिदास रघुकुलातल्या राजांना 'आनाकरथवर्त्मनाम्' म्हणतो, ज्यांच्या रथाची वाट नाकापर्यंत जाते ते. त्याच ओळीत आधी 'आसमुद्रक्षितीशानाम्', समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचे धनी. आडवं राज्य समुद्रापर्यंत, उभी वाट नाकापर्यंत. इथे 'आस्वर्ग' म्हटलं असतं तरी अर्थ तोच राहिला असता, पण 'आनाक'मध्ये उंचीचं जुनं माप थोडं शिल्लक आहे असं मला वाटतं.

अमरकोशात मंगलाचरण आणि कोश कसा वाचावा याच्या सूचना झाल्या की पहिला शब्दगट स्वर्गाचाच आहे :

स्वरव्ययं स्वर्गनाकत्रिदिवत्रिदशालयाः ।
सुरलोको द्योदिवौ द्वे स्त्रियां क्लीबे त्रिविष्टपम् ॥

इथे अर्थासोबत लिंगही सांगितलंय. स्वर् अव्यय आहे, स्वर्ग, नाक, त्रिदिव, त्रिदशालय, सुरलोक पुल्लिंगी, द्यो आणि दिव् स्त्रीलिंगी, त्रिविष्टप नपुंसक. पुढे अनेकार्थी शब्दांत पुन्हा 'आकाशे त्रिदिवे नाकः' अशी नोंद आहे, म्हणजे आकाश हा जुना अर्थ कोशकाराने सोडलेला नाही.

यापासून आणखी कोणते शब्द बनले?

नाकेश, नाकपती, नाकनाथ म्हणजे इंद्र. नाकपृष्ठ वर येऊन गेला. नाकसद् म्हणजे नाकात बसणारा, देव, आणि याच नावाच्या विटाही आहेत. अग्निचयन या मोठ्या यज्ञात वेदी पाच थरांत रचतात, आणि सर्वांत वरच्या, पाचव्या थरात 'नाकसद्' नावाच्या विटा बसवतात. वरचा थर, म्हणून नाव नाकाचं. शब्दाचा मूळ अर्थ बांधकामाचा आहे या म्हणण्याला याहून ठोस साक्षीदार सापडणार नाही. तो अक्षरशः मातीचा भाजलेला आहे.

शंकराचं धनुष्य 'पिनाक' या कुटुंबात नाही. शेवट जुळतो, नातं नाही.

मराठीत हा शब्द का रुळला नाही?

कारण जागा आधीच भरलेली होती. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक घासणे, नाकाने कांदे सोलणे, नाक दाबलं की तोंड उघडतं, नाकापेक्षा मोती जड. एका शब्दावर एवढा संसार उभा असताना तिथे स्वर्ग कुठे ठेवणार?

संतांनी हा शब्द उचलला नाही याचं आश्चर्य नको. त्यांचा श्रोता कीर्तनाला बसलेला होता, कोश घेऊन नाही. त्यांनी वैकुंठ घेतलं आणि पंढरीला भूवैकुंठ केलं. संस्कृत कोशातले असे पर्याय मराठीत आले ते मुख्यतः पंडित कवींच्या वाटेने. वृत्तात मात्रा बसवायच्या आणि यमक जुळवायचं तर एका अर्थाचे आठ-दहा शब्द हाताशी लागतात. मोरोपंतांसारखा कवी महाभारत आर्येत घालतो तेव्हा अमरकोश त्याच्या जिभेवर असावाच लागतो.

'दिव्' मात्र मराठीत मागच्या दाराने शिरला आणि टिकला. 'दिवंगत' म्हणजे दिवाला, द्युलोकाला गेलेला. वर्तमानपत्रात रोज छापला जातो, पण त्याची फोड कुणी करत नाही. 'कैलासवासी'चं 'कै.' झालं, 'वैकुंठवासी' वारकरी घरांत आहे, 'स्वर्गवासी' सगळीकडे. 'नाकवासी' का नाही, हे सांगायला नको. श्रद्धांजलीच्या फलकावर तो शब्द लिहून बघा, शोकसभेला कुणी गंभीर राहणार नाही.

मग आज कवितेत वापरावा का?

एकटा वापरू नये. 'नाकाच्या वाटेवर' असं लिहिलंत तर वाचकाला सर्दी आठवेल. समासात चालतो, 'नाकपृष्ठ' किंवा 'त्रिनाक', कारण समास वाचकाला आधीच सावध करतो की इथे संस्कृत आहे. 'त्रिनाक' तर मराठी कवींनी घ्यावा असा शब्द आहे, छोटा आणि न झिजलेला. नुसता स्वर्ग सांगायचा असेल तर 'त्रिदिव' बरा. गोंधळ नाही, आणि ऐकायलाही चांगला.

मंत्रपुष्पांजलीच्या बाकीच्या भागातही नाक येतो का?

नाही, फक्त या पहिल्या मंत्रात. दुसरा भाग 'राजाधिराजाय' तैत्तिरीय आरण्यकातला, कुबेराला नमस्कार करणारा. तिसरा 'स्वस्ति साम्राज्यं भौज्यं' आणि चौथा 'तदप्येष श्लोको' हे ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतले (पाच अध्यायांच्या भागातले), राज्याभिषेकाच्या प्रकरणातले. 'समुद्रपर्यन्ताया एकराळिति'ला सगळे अडखळतात ती जागा तीच. 'एकराट्' म्हणजे एकछत्री राजा, आणि 'ळ' हा ऋग्वेदी उच्चार. मराठी माणसाला ळ जड जाऊ नये, तरी तो जातो.

एक गंमत म्हणून बघा : पहिला मंत्र नाकापर्यंत चढतो आणि उरलेला सगळा राज्य, धन, सभासद यांत खाली उतरतो.

मुलं हसतात. त्यांना काय सांगायचं?

हसू द्या. मग गच्चीवर न्या, वर बघायला सांगा आणि 'हा नाक' म्हणा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला न + अक सांगण्यात अर्थ नाही. ताऱ्यांनी सजवलेला घुमट त्याला लगेच कळतो, अर्थात गणपतीत ढग नसतील तर.

मुलाचं नाव 'नाकेश' ठेवावं का?

अर्थ उत्तम आहे, इंद्र. ठेवू नये. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात त्याचं काय होईल हे तुम्हालाही माहीत आहे. इंद्रच हवा असेल तर देवेंद्र, सुरेश, सुरेंद्र, महेंद्र आहेत.

शब्दकोड्यात 'स्वर्ग' असा संकेत आहे, दोन अक्षरं हवीत.

नाक. तीन असतील तर त्रिदिव, चार असतील तर सुरलोक, पाच असतील तर त्रिदशालय. 'इंद्र' तीन अक्षरी मागितला आणि पहिलं अक्षर 'ना' निघालं, तर नाकेश.